तिसरा आकडा

"किती दिवस लागतील?" या प्रश्नाला आपल्याकडे एकच आकडा उत्तर म्हणून चालतो. सुतार असो, शिंपी असो की सॉफ्टवेअरवाला, त्याने आकडा सांगायचा आणि आपण तो भिंतीवर लिहून ठेवायचा. माझ्या मते हा प्रश्नच अर्धवट आहे. आकडे तीन विचारायला हवेत.

ही काही माझी अक्कल नाही :) अमेरिकन नौदलाने १९५८ साली पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या प्रकल्पासाठी 'पर्ट' नावाची पद्धत बसवली. कामं अगणित, त्यातली बरीचशी आधी कुणी केलेलीच नाहीत. म्हणून प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्यायचे: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर आणि सगळं फिसकटलं तर. मधल्याला चारपट वजन द्यायचं, बेरीज करायची, भागिले ६.

समजा, जुन्या बिलांचा डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवायचाय. झटपट झालं तर ४ दिवस, बहुधा ६, वाईटात वाईट २०. म्हणजे ४ + २४ + २० = ४८, भागिले ६, उत्तर ८. "सहा दिवस" म्हणणारा खोटं बोलत नसतो. पण काम लवकर संपण्याला मर्यादा असते, लांबण्याला फारशी नसते. वरचे दोन दिवस तिथून येतात.

आता कुणी म्हणेल, तिन्ही आकडे शेवटी अंदाजपंचेच ना? अगदी मान्य. ते चारपट वजनही सोयीचा संकेतच. शिवाय सरासरी म्हणजे वचन नव्हे. एकमेकांवर अवलंबून नसलेली तीन कामं एकदम चालू असतील आणि प्रत्येक वेळेत होण्याची शक्यता निम्मी असेल, तर तिन्ही वेळेत होण्याची शक्यता आठात एक!

पण खरी अडचण गणिताची नाहीच. मीटिंगमध्ये जो "वीस" म्हणतो तो 'निगेटिव्ह' ठरतो. पुढच्या वेळी तो शहाणा होऊन "आठ" म्हणतो. सूत्र तेच, उत्तर सुबक, आणि त्याची किंमत मोजतात साखळीच्या शेवटी बसलेली टेस्टिंगची पोरं. घरच्यांनो, गणपतीला येतो म्हणून ऐनवेळी रजा रद्द झालेला एखादा भाचा-पुतण्या तुमच्याकडेही असेल. त्याला बोल लावू नका. त्याच्या कामाचा तिसरा आकडा कुणीतरी गिळलेला असतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. "वीस" ऐकल्यावर कपाळाला आठ्या घालू नयेत, "वीस कशामुळे?" असं विचारावं. उत्तर येतं, "जुन्या डेटातले कोड फक्त एकाच माणसाला कळतात आणि तो महिनाअखेर रिटायर होतोय." मग त्याच्याशी आजच बोलता येतं. हे कळणं त्या आठ या उत्तरापेक्षा कितीतरी मोलाचं.

असो. तुमच्याकडे तिसरा आकडा कुणी विचारतं का? जरूर कळवा.