ओढणे वेगळे, पेलणे वेगळे

अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्याकडील कुटुंबांना सुटीच्या प्रवासात ट्रॅव्हल ट्रेलरचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. ट्रेलर म्हणजे इंजिन नसलेले, चाकांवरचे छोटेसे घर. त्यात झोपण्याची सोय असते, न्हाणीघर असते आणि मुख्य म्हणजे स्वतःचे स्वयंपाकघर असते. यलोस्टोन किंवा ग्रँड कॅनियनसारख्या दूरच्या ठिकाणी कंदमूळ वर्ज्य असलेल्या घराला बाहेरच्या खाण्यावर किती भरवसा ठेवता येणार? ट्रेलर असला की कुकर आपला, डाळ-तांदूळ आपले, पाणी आपण गाळून भरलेले, आणि सूर्यास्तापूर्वी पान वाढण्यात अडचण नाही. (जून महिन्यात यलोस्टोनला सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, हा भाग वेगळा.) गावाकडून सहा महिन्यांसाठी गेलेल्या वडीलधाऱ्यांनाही असा प्रवास मानवतो.

मात्र हे घर ओढायला पिकअप ट्रक लागतो, आणि तो निवडताना जाणती माणसेही एका ठरावीक ठिकाणी चुकतात. ही चूक पैशांपुरती राहिली असती, तर तिच्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु त्या ट्रकमध्ये मुले आणि वृद्ध आई-वडील बसलेले असतात.

ट्रकच्या जाहिरातीत सर्वांत ठळक आकडा ओढण्याच्या क्षमतेचा असतो. हा ट्रक अकरा हजार पौंड, म्हणजे सुमारे पाच हजार किलो ओढतो, असे विक्रेता अभिमानाने सांगतो. घेणारा मनात हिशेब करतो : आपला ट्रेलर भरून तीन हजार दोनशे किलोंचा, ट्रकची क्षमता पाच हजारांची, म्हणजे अठराशे किलोंची सवड. सौदा ठरतो. प्रत्यक्षात या ट्रकची मर्यादा त्या सवडीच्या कितीतरी अलीकडेच संपलेली असू शकते.

याचे कारण ज्यांनी उसाने भरलेली बैलगाडी पाहिली आहे, त्यांना वेगळे समजावून सांगायला नको. गाडीत भार मागे जास्त झाला की गाडी उलाळते. पुढे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर बसते. गाडी बैल ओढतात हे खरे, पण गाडीचा काही भार त्यांना मानेवर पेलावाही लागतो. ट्रेलरचेही तसेच आहे. त्याचे वजन मुख्यतः त्याच्या चाकांवर असले, तरी पुढच्या टोकाचा भार ट्रकच्या मागे बसवलेल्या हिचवर टेकतो. त्याला तिकडे ‘टंग वेट’ म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरच्या बाबतीत हा भार भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. तो दहा टक्क्यांच्या खाली गेला की वेगात असताना ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. तेव्हा हा भार टाळायचा नसतो; तो पेलणारा ट्रक शोधायचा असतो.

पेलण्याच्या या क्षमतेला ‘पेलोड’ म्हणतात, आणि तिचा आकडा जाहिरातीत क्वचितच ठळक असतो. चालकाच्या बाजूचे दार उघडल्यावर चौकटीवर एक पिवळी-पांढरी पट्टी चिकटवलेली दिसते. बसणारी माणसे आणि सामान मिळून वजन अमुक किलोंच्या वर जाऊ नये, असे तिच्यावर किलो आणि पौंड अशा दोन्ही मापांत छापलेले असते. हिचवर टेकणारा भार याच आकड्यातून वजा होतो.

आता हिशेब पुन्हा मांडावा. पट्टीवर ६८० किलो लिहिले आहे, असे धरू. पंधराशे पौंडांची ही क्षमता या वर्गात सर्रास आढळते. तीन हजार दोनशे किलोंच्या ट्रेलरचा साडेबारा टक्के भार म्हणजे ४०० किलो. पती-पत्नी, एक मूल आणि आजी-आजोबा, अशा पाच जणांचे ३०० किलो. भार विभागणाऱ्या मजबूत हिचचे स्वतःचे ४५ किलो. बेरीज ७४५. म्हणजे मर्यादा ६५ किलोंनी ओलांडली गेली, आणि ट्रकच्या हौद्यात अजून एक खुर्चीसुद्धा ठेवलेली नाही. ओढण्याची अठराशे किलोंची सवड मात्र कागदावर तशीच आहे! आजी-आजोबांना ट्रेलरमध्ये बसवून हा भार हलका करण्याचा विचार कोणी करू नये. चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसे बसवायला अनेक राज्यांत कायद्यानेच बंदी आहे, आणि कायदा नसता तरी ते योग्य ठरले नसते.

जाहिरातीतला आकडा खोटा असतो असे नव्हे. तो ठरवण्यासाठी ‘एसएई जे २८०७’ नावाचे मानक आहे. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलांपासून प्रथम स्वीकारले. इतर कंपन्या मागाहून आल्या. त्यातील एक कसोटी ॲरिझोनातील डेव्हिस डॅम या चढावरील आहे. सुमारे अठरा किलोमीटरचा तो चढ, अडतीस अंश तापमान आणि वातानुकूलन पूर्ण चालू, अशा स्थितीत ट्रकने ताशी ६४ किलोमीटरचा किमान वेग राखायचा असतो. कसोटी कठीण आहे यात शंका नाही. परंतु तिच्यात ट्रकमध्ये दोनच माणसे धरलेली असतात, तीही प्रत्येकी ६८ किलोंची, आणि हिचवरचा भार ट्रेलरच्या दहा टक्केच धरलेला असतो. पाच माणसांच्या कुटुंबाचा प्रवास त्या गृहीतात बसत नाही.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. एकाच नावाच्या दोन ट्रकांची पेलण्याची क्षमता सारखी नसते. काचेचे छत, चामड्याच्या विजेवर हलणाऱ्या बैठका, चारही चाकांना गती देणारी यंत्रणा, या प्रत्येकाचे वजन पेलोडमधून जाते. त्यामुळे सर्वांत महागडा ट्रक पुष्कळदा सर्वांत कमी पेलतो. माहितीपुस्तिकेतील ‘कमाल’ आकडा पाहून निर्णय घेण्यापेक्षा, जो ट्रक घरी न्यायचा त्याच्याच दाराच्या पट्टीचे छायाचित्र आधी घ्यावे. हिचवरही त्याची स्वतःची मर्यादा कोरलेली किंवा छापलेली असते, तीही वाचावी.

भार विभागणाऱ्या हिचविषयी एक गैरसमज रूढ आहे. तिच्यातील पोलादी दांड्या मागच्या आसावर दाटलेला भार उचलून काही पुढच्या आसाकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे पाठवतात. त्यामुळे ट्रकचे नाक वर उचलले जात नाही आणि पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड टिकते. मोठ्या ट्रेलरला ती हवीच. मात्र तिच्यामुळे दारावरच्या पट्टीचा आकडा वाढत नाही.

मग मोठा ट्रक घ्यावा काय? अमेरिकेत पिकअपचे ढोबळ तीन वर्ग आहेत : अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन. ही नावे जुन्या काळच्या वहनक्षमतेवरून पडली. आज ती केवळ ओळखीपुरती उरली आहेत. फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० आणि टोयोटा टंड्रा हे अर्ध्या टनाचे. एफ-२५० आणि २५०० या क्रमांकाचे पाऊण टनाचे. पाऊण टनाच्या पेट्रोल ट्रकची पेलण्याची क्षमता हजार किलोंच्या वर सहज जाते, आणि वरचे कुटुंब त्यात निर्धास्त बसते. डिझेल इंजिनाची ओढ अधिक, उतारावर इंजिनाने वेग रोखण्याची त्याची शक्तीही मोठी. पण ते इंजिन स्वतःच जड असल्याने पेलोड कमी करते आणि किमतीत बरीच भर घालते. शिवाय हा ट्रक वर्षातले वीस-पंचवीस दिवस ट्रेलर ओढणार आणि उरलेले दिवस कचेरीला, किराणा दुकानाला जाणार. रिकामा असताना त्याच्या ताठर स्प्रिंगांमुळे बसणारी धक्क्यांची सवय घरातल्या वृद्धांना व्हायची नाही.

म्हणून क्रम उलटा करणे अधिक शहाणपणाचे. आधी घरात किती माणसे प्रवासाला निघणार ते ठरवावे, मग ट्रेलर, आणि ट्रक सर्वांत शेवटी. पाच माणसे नेहमीच निघणार असतील आणि ट्रक अर्ध्या टनाचाच परवडत असेल, तर ट्रेलर दोन हजार किलोंच्या आसपासचा निवडावा. हिचवरचा भार अडीचशे किलोंवर येतो आणि हिशेब जुळतो. खोलीची लांबी पाच-सात फूट कमी झाली तर बिघडते कुठे? ट्रेलरचे वजन पाहतानाही कारखान्यातून निघतानाचे ‘कोरडे’ वजन धरू नये. दीडशे लिटरची पाण्याची टाकी भरली की तिथेच दीडशे किलो वाढले; भांडी, धान्य, अंथरुणे, गॅसच्या टाक्या वेगळ्याच. विजेवर चालणाऱ्या पिकअपचा मोह होत असेल, तर ट्रेलर जोडल्यावर एका चार्जमध्ये कापले जाणारे अंतर जवळजवळ निम्म्यावर येते, हे आधी लक्षात घ्यावे.

डोंगराच्या रस्त्यावर या हिशेबाची किंमत कळते. डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,४०० मीटरवर चढतो. तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती बरीच घटते. खरी परीक्षा मात्र उताराची. चालक ब्रेकवर पाय ठेवूनच उतरला, तर ब्रेक तापून निकामी होतात. म्हणूनच त्या महामार्गावर ब्रेक गेलेल्या वाहनांसाठी चढत्या वाळूच्या वाटा काढून ठेवल्या आहेत. ‘टो-हॉल’ पद्धत लावून खालच्या गिअरमध्ये उतरावे आणि ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असावेत. शेजारून मोठा मालट्रक गेल्यावर ट्रेलर झुलू लागला, तर वेगवर्धकावरचा पाय हळूहळू काढावा आणि समोरच्या नियंत्रकाने फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावावेत. ट्रकचा ब्रेक जोरात दाबणे किंवा सुकाणू झटक्याने फिरवणे, हे भीतीपोटी सुचणारे दोन्ही उपाय अपघाताकडे नेतात.

इतके करूनही आकडे अंदाजाचेच राहतात. ते पारखण्याची सोय तिकडे महामार्गांवरील ट्रकथांब्यांवर असते. ‘कॅट स्केल’ नावाच्या काट्यावर थोड्या डॉलरांत पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वजने वेगवेगळी छापून मिळतात. पहिल्या लांबच्या प्रवासाआधी, एखाद्या रविवारी, पाणी भरून, सामान लावून आणि घरातली सगळी माणसे आपापल्या जागी बसवून एकदा त्या काट्यावर जावे. मग ट्रेलर सोडून, तीच माणसे ट्रकमध्ये ठेवून, पुन्हा एकदा. दोन्ही चिठ्ठ्या दारावरच्या पट्टीशेजारी धराव्यात. आकडा वर गेला असेल, तर काय काय घरी ठेवायचे याची यादी अंगणातच करता येते. आजींचा पाटा-वरवंटा बहुधा त्या यादीत पहिला येईल.