धव, खदिर आणि आपण

संस्कृत शिकलेल्या प्रत्येकानें द्वंद्व समासाचें उदाहरण म्हणून ‘धवखदिरौ’ हा शब्द केव्हां ना केव्हां घोकलेला असतो. त्याचा विग्रह बिनचूक सांगणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले. परंतु धव म्हणजे आपला धावडा, खदिर म्हणजे आपला खैर, आणि हे दोघेही वऱ्हाडच्या कोरड्या टेकड्यांवर अद्याप उभे आहेत, हें सांगणारा विरळाच. घरोघरीं हीच स्थिति आहे. मुंजींत बटूच्या हातीं पळसाचा दंड देतात, ग्रहयज्ञांत मंगळासाठीं खैराची समिधा लागते. पण या वस्तु बाजारांतून येतात, आणि ज्या रानांतून त्या आल्या त्या रानाची विचारपूस कोणी करीत नाहीं. त्या रानाविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

अमरावतीकरांस हें रान शोधावयास दूर जावें लागत नाहीं. वडाळी आणि छत्री तलाव यांच्या पाठीमागून ज्या टेकड्या सुरू होतात, त्याच पुढें पोहरा-मालखेडच्या जंगलास जाऊन मिळतात. शहराच्या इतक्या निकट बिबट्या नांदत असल्याचीं उदाहरणें थोडींच. असें असूनही वैशाखांत या टेकड्यांकडे पाहून ‘येथें सारें ओसाड आहे, झाडें लाविलीं पाहिजेत,’ असा शेरा सुशिक्षित माणसेंही मारतात. वस्तुतः तें रान ओसाड नसतें. आपल्याकडील रान पानझडी आहे. उन्हाळ्यांत पानें टाकून तें आपलें पाणी राखतें आणि पाऊस लागतांच पुनः हिरवें होतें. साग, धावडा, सालई, खैर, पळस, टेंभुर्णी, बोर यांच्या पायथ्याशीं जें गवत आणि जीं झुडपें असतात, तींही त्या रानाचाच भाग होत. तो माजलेला कचरा नव्हे. तित्तिर तेथें अंडीं घालतो, ससा तेथें लपतो, आणि टेकडीची माती तींच धरून ठेवितात.

ही गोष्ट ध्यानांत न घेतल्यामुळें चांगल्या हेतूनेंही हानि होते. महाराष्ट्रांत १ जुलै २०१६ रोजीं एका दिवसांत दोन कोटी झाडें लावण्याचा संकल्प झाला. २०१९ सालीं संकल्पाचा आंकडा ३३ कोटींवर गेला. या उत्साहास आमचा विरोध नाहीं. मात्र जेथें रान आधींच आहे, तेथें खड्डे खणून मादागास्करचा गुलमोहर किंवा मेक्सिकोकडील सुबाभूळ लावणें म्हणजे नांदत्या घरांत पाहुणे घुसवून घरच्यांस बाहेर काढणें होय. शिवाय उकरलेल्या मातीवर सर्वांआधीं येतें तें गाजरगवत.

मग करावयाचें काय? आधीं अकोल्याचें उदाहरण घेऊं. मोर्णा नदी जलकुंभीनें झांकून गेली होती. १३ जानेवारी २०१८ या दिवशीं सहा हजारांहून अधिक नागरिक तिच्या दोन्ही कांठांवर उतरले. विद्यार्थी होते, गृहिणी होत्या, वृद्धही होते. चार किलोमीटरांत १४ ठिकाणीं सफाई झाली, आणि पुढें दर शनिवारीं सकाळीं हें काम चालविण्याचें ठरलें. वऱ्हाडास भूषणावह अशीच ही गोष्ट झाली. परंतु जलकुंभी मोठी चिवट. तिचें बीज चिखलांत वर्षानुवर्षें जिवंत राहतें. सांडपाणी मिळत राहिलें कीं उरलेल्या चार रोपांतून कांहीं आठवड्यांत ती पुनः पसरते. मोर्णेवरही ती पुढें पुनः दिसूं लागली. यावरून सहा हजार माणसांचा एक दिवस व्यर्थ गेला असें कोणी समजूं नये. त्याच्या पाठीशीं सहा माणसांचीं सहा वर्षें हवीं असतात, एवढाच याचा अर्थ.

हा धडा शास्त्रशुद्ध रीतीनें ज्यांनीं घालून दिला, त्या दोघी बहिणी ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं राहत. जोन आणि आयलीन ब्रॅडली हीं त्यांचीं नांवें. मोसमन या भागांतील घराजवळच्या रानांत फिरतां फिरतां १९६० नंतरच्या दशकांत त्यांच्या ध्यानीं आलें कीं, रान सरसकट साफ केलें म्हणजे तण अधिकच जोमानें येतें. त्यांनीं तीन नियम ठरविले. जेथें रान सर्वांत चांगलें आहे, तेथून आरंभ करून बिघडलेल्या भागाकडे सरकावें. माती शक्य तितकी कमी हलवावी आणि पालापाचोळा जागच्या जागीं ठेवावा. मूळचीं रोपें ज्या वेगानें परत येतील, त्याच वेगानें आपण पुढें जावें. आपली प्रवृत्ति नेमकी उलट असते. सर्वांत वाईट जागेवर सर्वांनीं मिळून तुटून पडावें आणि सायंकाळपर्यंत मैदान मोकळें करावें, असें आपणांस वाटतें. तें मैदान पहिल्या पावसांत तणाच्याच पदरीं पडतें.

सिडनीच्या रानांस ज्या तणांनीं ग्रासलें, त्यांत घाणेरीही होती. तिलाच कोणी टणटणी म्हणतात. अमेरिकेकडील हें झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बागेची शोभा म्हणून हिंदुस्थानांत आलें आणि रानोरानीं पसरलें. वरून छाटल्यास तें अनेक फांद्यांनीं फुटतें. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनीं दाखविलेली रीत सोपी आहे. कुदळीनें जमिनीखालीं दोन-तीन बोटें मुख्य मूळ तोडावें, आणि सबंध झुडूप उपटून उलटें ठेवावें, म्हणजे मुळें पुनः माती धरीत नाहींत. फळें पिकण्यापूर्वीं हें उरकावें, कारण पक्षी तीं खाऊन बीज दूरवर टाकतात. पक्षी बसतात त्या झाडांखालीं पावसाळ्यांत नवीं रोपें उगवतात. तीं हातानेंच उपटतां येतात. हें काम वृद्धांस व मुलांसही साधण्यासारखें आहे.

अमरावती-अकोल्याच्या वाचकांस आमची सूचना अशी. दहा-बारा जणांनीं एकत्र यावें. वनखात्याची परवानगी घेतल्यावांचून कुदळ लावूं नये. वनस्पतिशास्त्राचा एखादा जाणता अध्यापक बरोबर असावा. एक एकराचा बरा तुकडा निवडून महिन्यांतून दोन रविवार, उजाडल्यानंतरचे दोन तास द्यावे. सायंकाळीं मात्र तेथें थांबूं नये, तें बिबट्याचें घर आहे. कोणतें रोप आपण होऊन उगवलें याची नोंद वहींत ठेवावी. पहिल्या वर्षीं छायाचित्र काढण्याजोगें कांहींच दिसणार नाहीं, हें आधींच मनाशीं धरून चालावें.

‘हें सरकारचें काम,’ असें कोणी म्हणेल. गाडगेबाबा याच जिल्ह्यांतले. गांवचा रस्ता झाडणें कोणाचें काम, असें त्यांनीं कोणास विचारलें नाहीं. आधीं खराटा हातीं घेतला, कीर्तन मागाहून.

ज्यांच्या मनांत हें काम हातीं घ्यावयाचें असेल, त्यांनीं येत्या पावसाळ्यापूर्वीं मुलानातवंडांसह टेकडीवर जाऊन ते दोन वृक्ष ओळखून यावे. पांढुरक्या, गुळगुळीत सालीचा तो धावडा. पिसांसारख्या बारीक पानांचा आणि आंकड्यासारख्या जोडकांट्यांचा तो खैर. कुदळ त्यानंतर.