मुलींची संध्याकाळ कुणाची?

जोह्याच्या बैठकीत मी पुण्याच्या शिरीन लिमयेबद्दल सांगितलं. बास्केटबॉलमध्ये ती भारताची कर्णधार झाली. २०१७ साली बंगळुरूला आशिया चषकाच्या ब विभागात आपल्या महिला संघानं कझाकस्तानला हरवून विजेतेपद मिळवलं, त्या संघात ती होती. चेन्नईची अनिता पॉलदुराईही होती, बाळंतपणानंतर मैदानात परतलेली.

लगेच एकीनं विचारलं, “मग तिचं पोर कोण सांभाळायचं?”

प्रश्न खरा आहे. शिरीनचे आईवडील दोघंही बास्केटबॉल खेळलेले, त्यामुळे मैदान तिला परकं नव्हतं. आपल्या मुलींची संध्याकाळ पाणी, भाकऱ्या, धाकटी भावंडं यांत जाते. गणपतीचा हंगाम आला की मूर्तींच्या रंगकामात. त्याच वेळी मुलगे कबड्डी खेळतात. वर आपणच म्हणतो, मुलींना खेळाची आवड नाही!

ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचं बास्केटबॉल १९३६ साली आलं, बायकांचं १९७६ साली. तिथंही ४० वर्षं थांबावं लागलं. आपण किती थांबायचं?

मैत्रिणींनो, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी गावचं मैदान मुलींसाठी मागू या. आणि त्या दिवशी चुलीपाशी कोण बसणार, हे घरातल्या पुरुषांना विचारू या.