झाडपाला म्हणजे निर्दोष नव्हे



“गोळी घेणं पाप, पण झाडपाला तर देवानंच उगवलाय, त्यात कसलं पाप?” असे बोल आमच्या कानी वारंवार येतात. या समजुतीला आमचा स्पष्ट विरोध आहे.

आधी जिवाचे बोलू. मूल राहू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या वनस्पतींत कुंपणावरची गुंज आहे. सोनार जी बी वजनाला वापरीत, तिच्यातच अ‍ॅब्रिन हे जहाल विष असते. बी चावली किंवा कुटून घेतली, तर थोड्यानेही जीव जाऊ शकतो. कण्हेरीचे मूळ हृदयाचे ठोके बिघडवते. गर्भ पाडण्यासाठी लाल चित्रकाचे मूळ किंवा रुईच्या चिकात भिजवलेली काडी गर्भाशयात सारीत. त्यातून इजा, रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि धनुर्वातही होतो. हे सारे देवानेच उगवले आहे. सापही त्यानेच निर्माण केला.

आता शिकवणीचे. पोप सहावे पॉल यांच्या १९६८ च्या ‘हुमाने विते’ या परिपत्रकाने जबाबदार पालकत्व नाकारलेले नाही. पाळीच्या चक्रातील दिवस ओळखून संयम पाळण्याची वाट त्यात खुली आहे. ख्रिस्तसभा हेतू आणि कृती पाहते. साधन कारखान्यातले की रानातले, हा प्रश्नच नाही. गर्भातला जीव गोळीने गेला काय नि मुळीने गेला काय, जीव तो जीवच.

झाडावर भिस्त ठेवणाऱ्यांनी राहेलची कथाही वाचावी (उत्पत्ती ३०:१४-२४). पुत्रदात्रीची फळे तिने मिळवली, पण गर्भ राहिला तो फळे देऊन टाकणाऱ्या लेआला. राहेलची कूस उघडली ती देवाने, तिची आठवण केली तेव्हा.

पण खरे बोट आम्हाला पुरुषांकडे दाखवायचे आहे. संयम दोघांनी पाळायचा असतो; काढा मात्र ती एकटीच पिते, तोही चोरून. नवरा संयमाला तयार नाही, सासूला नातू हवा, आणि दोष सगळा तिचा! विवाहपूर्व वर्गात मागच्या बाकावर बसून हसणाऱ्या तरुणांनो, पाळीचे चक्र तुम्हीही शिका. ते फक्त बायकांचे काम नाही.

आणि एखादीने काही घेतलेच व रक्त जाऊ लागले, तर तिला ताबडतोब दवाखान्यात न्या. काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगा. पापाची चौकशी त्या वेळी कोणी करू नये. बारा वर्षे रक्तस्राव सोसलेल्या स्त्रीला प्रभू येशूने गर्दीसमोर ‘मुली’ म्हणून हाक मारली आणि शांतीने पाठवले (मार्क ५:२५-३४). त्या गर्दीत राहून कुजबुजायचे की प्रभूसारखे वागायचे, हे आपण ठरवायचे आहे.