उन्हाची शाळा, दहा दिवसांची

एप्रिल-मे महिन्यात हिंगोली जिल्ह्यात वसमतकडे जा की कळमनुरीकडे, हळदीचा वास येतोच येतो. शेतात कुकर मांडून हळद शिजवायचं काम चालू असतं. वर तळपतं ऊन आणि समोर वाफ! समजा, पुण्याहून सुट्टीला आलेला तुमचा आतेभाऊ हौसेनं मदतीला आला आणि अर्ध्या तासात, "डोकं दुखतंय रे," म्हणत लिंबाखाली जाऊन बसला. तुम्ही लगेच चिडवणार, "शहरातलं नाजूक फूल!" हो ना? थांबा. आधी त्याच्या शरीरात काय चाललंय ते पाहू.

आपलं शरीर आतून ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. हवा चाळिशीच्या वर गेली, की बाहेरचीच उष्णता अंगात शिरू लागते. मग उपाय उरतो एकच, घाम! पाझरणारा माठ पाणी गार करतो ना, तसाच वाळणारा घाम अंग गार करतो. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो.

पण घामाबरोबर पाणी जातं, मीठही जातं. मग शरीर निरोप धाडतं. रक्तातून निरोप नेणाऱ्या या रसायनांना म्हणतात संप्रेरकं, म्हणजेच हार्मोन्स. मेंदूखालची वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी व्हॅसोप्रेसिन सोडते. ते मूत्रपिंडांना सांगतं, "पाणी वाचवा!" म्हणून उन्हात लघवी कमी आणि गडद पिवळी होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडतात. त्याचा निरोप, "मीठ वाचवा!" भूकही मंदावते, कारण अन्न पचवताना अंगात आणखी उष्णता तयार होते.

आता खरी गंमत. हे सगळं पहिल्याच दिवशी नीट जमत नाही! रोज थोडा वेळ उन्हात काम केलं, तर एक ते दोन आठवड्यांत शरीर शिकतं. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यात मीठ कमी असतं. रक्तातलं पाणी वाढतं, हृदयाची धडधड कमी होते. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या तापलेल्या खाणींत गेल्या शतकात नवे मजूर उष्माघातानं दगावत. मग त्यांना हळूहळू उष्णतेची सवय लावूनच खाली धाडू लागले.

म्हणजे तुमचा भाऊ नाजूक नाही. तो या शाळेत कालच दाखल झालाय! तुम्हीही परीक्षेचा महिनाभर पंख्याखाली बसला असाल, तर तुमचाही पहिलाच दिवस समजा. शेतात आलेल्या नव्या मजुराचंही तेच. पहिले काही दिवस काम थोडं, सावली जास्त.

एक चूक मात्र करू नका. "मला सवय आहे, मला पाणी नको," असं म्हणू नका. सवय झालेल्याला घाम जास्त येतो, म्हणून पाणीही जास्तच लागतं! तहान उशिरा कळते, तेव्हा तिची वाट पाहू नका. पाणी, ताक, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घेत राहा.

आणि कुणी उन्हात बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करायला मोठ्यांना सांगा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

या सुट्टीत एक प्रयोग करा. गडद रंगाचा सदरा घालून सकाळच्या उन्हात खेळा. घाम वाळला की मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतील. दहा दिवसांनी पुन्हा पाहा. रेघा फिकट झाल्या? मग शाबास! तुमचं शरीर पास झालं.