विश्लेषण : हाडासोबत रक्तवाहिनीही तुटली, तर पहिले सहा तास का निर्णायक?

चाकण, भोसरी, तळवडे, म्हाळुंगे या औद्योगिक पट्ट्यात दोन प्रकारचे अपघात हात-पाय हिरावून घेतात. पॉवर प्रेसमध्ये अडकलेला हात आणि पुणे-नाशिक महामार्गावर अवजड वाहनाखाली सापडलेला पाय. मोडलेले हाड नंतरही जोडता येते. मात्र त्यासोबत मुख्य रक्तवाहिनी तुटली असेल, तर वेळ हाताशी नसतो.

सहा तासांचे गणित काय?

रक्तपुरवठा थांबला की स्नायू मरू लागतात. साधारण सहा तासांनंतर हे नुकसान भरून न येणारे ठरते. हे तास रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हे, तर अपघाताच्या क्षणापासून मोजायचे असतात. म्हणजे चाकणच्या कोंडीत गेलेला वेळ आणि एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे पाठवण्यात गेलेला वेळही त्यातच धरायचा. गुडघा निखळल्यास त्यामागची धमनी फाटण्याचा धोका मोठा असतो.

ओळखायचे कसे?

पाय किंवा हात थंड व फिकट पडणे, नाडी न लागणे, बधिरपणा, बोटे न हलणे ही धोक्याची लक्षणे आहेत. शंका असल्यास डॉक्टर डॉपलर किंवा सीटी अँजिओग्राफी करतात.

शस्त्रक्रियेत काय होते?

अस्थिरोग आणि रक्तवाहिनी शल्यचिकित्सक एकत्र काम करतात. उशीर झाला असेल तर तात्पुरती नळी बसवून रक्त आधी सुरू केले जाते. मग बाहेरून सळ्यांची चौकट लावून हाड स्थिर करतात. त्यानंतर बहुधा दुसऱ्या पायातील शीर काढून तुटलेली धमनी जोडली जाते. रक्त परतल्यावर स्नायू सुजतात. आतला दाब वाढू नये म्हणून त्यांवरील आवरणाला छेद द्यावा लागतो.

धमनी जोडण्याने काय साधते, हे युद्धांनी दाखवले. दुसऱ्या महायुद्धात धमनी बांधून टाकण्यावर भर होता. तेव्हा अशा जखमींपैकी जवळपास निम्म्यांचे अवयव कापावे लागले. कोरियन युद्धात धमनी जोडू लागल्यावर हे प्रमाण सुमारे 13 टक्क्यांवर आले.

सहकाऱ्यांनी काय करावे?

• जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्या, 108 ला फोन करा.
• रक्त थांबतच नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टी आवळून बांधा आणि वेळ लिहून ठेवा.
• तुटलेले बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा. ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका.
• निघण्यापूर्वी फोनवर एकच प्रश्न विचारा : रक्तवाहिनी जोडणारे सर्जन आत्ता उपलब्ध आहेत का?

खर्चाचे काय?

दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार ईएसआयच्या कक्षेत येतात. कामावरील दुखापतीसाठी किमान वर्गणीची अट नाही. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. मात्र कंत्राटी कामगाराची नोंदणीच नसेल, तर हक्क मिळवण्यासाठी झगडावे लागते. त्यामुळे आपला विमा क्रमांक आजच तपासून घ्यावा. रस्ते अपघातासाठी 2025 च्या केंद्रीय योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोकड उपचार आहेत. जखमीला मदत करणाऱ्याला 2019 च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने संरक्षण दिले आहे.

उद्योगांच्या या पट्ट्यात रुग्णालये कमी नाहीत. पण जखमी थेट योग्य टेबलावर पोहोचेल, याची तयारी कारखान्याच्या गेटवरच व्हायला हवी.