पेपर घरी येत नाही तेव्हा

वाचकहो, परीक्षा देऊन घरी आलेल्या मुलास उंबरठ्यावरच विचारावयाचा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे : "कसा गेला पेपर? काय काय आले होते?" मुलाने हातपाय धुण्यापूर्वीच प्रश्नपत्रिका वडिलांच्या हाती जाते, आई पाण्याचा पेला पुढे करते, आणि धाकटी भावंडे पुढल्या वर्षाच्या आशेने कान देऊन बसतात. ज्ञान वाटल्याने वाढते, हा संस्कार आपण याच घरगुती बैठकीत घेतलेला असतो.

जबलपुरातील एका परिचित मराठी कुटुंबात मात्र ही बैठक अलीकडे मोडली. घरातील थोरला मुलगा संगणकयंत्रणेच्या व्यवस्थापनाची प्रमाणपत्र परीक्षा देऊन आला होता. तीच परीक्षा महिन्याभराने धाकट्यास द्यावयाची होती. बेताच्या उत्पन्नातून दोघांचे शुल्क भरलेले. वडिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा थोरला म्हणाला, "बाबा, ते सांगता येणार नाही. तसे मान्य करूनच परीक्षेस बसलो आहे." वडील दुखावले. "सख्ख्या भावालाही नाही?" एवढेच ते म्हणाले, आणि घरात अवघडलेली शांतता पसरली.

वडिलांचे दुःख खोटे नव्हते. तथापि मुलाचे म्हणणे समजून घेण्यासाठी या परीक्षेचे स्वरूप पाहिले पाहिजे. शालेय परीक्षेची प्रश्नपत्रिका एकदाच वापरली जाते. ती दुसऱ्या दिवशी रद्दीत गेली तरी कोणाचे नुकसान नाही. प्रमाणपत्र परीक्षा वर्षभर, निरनिराळ्या शहरी, निरनिराळ्या दिवशी होतात. त्यांचे प्रश्न एका मर्यादित साठ्यातून पुनःपुन्हा काढावे लागतात. तज्ज्ञांनी लिहावयाचे, पारखावयाचे आणि मगच साठ्यात घालावयाचे, असा एकेका प्रश्नाचा प्रवास असतो. तो बाहेर फुटला की पुढे तो स्मरणशक्तीखेरीज कशाचीच परीक्षा घेत नाही. हेच तत्त्व दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ साली मानले. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या अत्युच्च वैद्यकीय अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षांतील प्रश्न मर्यादित साठ्यातले असल्याने ते माहितीच्या अधिकाराखाली उघड करण्यास न्यायालयाने नकार दिला.

रेड हॅट या कंपनीची संगणकव्यवस्थापकाची पहिली परीक्षा तर प्रत्यक्ष कामाचीच असते. ३०० पैकी २१० गुण मिळाले तर उत्तीर्ण. चालू यंत्रावर वापरकर्त्यांची खाती उघडणे, साठवणुकीची जागा विभागणे, कोणास काय वाचता यावे हे ठरवणे, अशी कामे करावी लागतात. आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही केलेले काम टिकले पाहिजे. ज्याला कामे आधीच कळली, तो आज्ञांची माळ पाठ करून जाईल. पण उद्या रुग्णालयाचे यंत्र मध्यरात्री बंद पडले, तर पाठ केलेल्या माळेत तो मणी असेलच असे नाही.

ही गोष्ट जबलपूरकरांस दूरची वाटू नये. मध्यप्रदेशच्या व्यावसायिक परीक्षा मंडळाचे, म्हणजे व्यापमचे, प्रकरण २०१३ साली उघडकीस आले. वैद्यकीय प्रवेश परीक्षेत हुशार तोतयाच्या पाठीमागे पैसे मोजणारा उमेदवार बसेल, अशा रीतीने मंडळाच्या संगणकातूनच बैठकक्रमांक जुळवले गेले होते. इंजिनामागे डबा जोडावा तसे! ज्यांच्या हाती यंत्रणेच्या किल्ल्या होत्या, त्यांच्यापैकी काहींवरच आरोप आले. प्रवेश रद्द झालेल्या विद्यार्थ्यांचा वाद आपल्याच शहरातील उच्च न्यायालयात चालला, आणि अखेर १३ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००८ ते २०१२ या काळातील ६३४ जणांचे प्रवेश रद्दच ठरवले. त्यांची वर्षे वाया गेली; परंतु ज्यांची जागा त्यांनी अडवली, त्या प्रामाणिक मुलांना ती जागा कोणीही परत देऊ शकले नाही.

पुढे २०२४ साली केंद्राने सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला. प्रश्न फोडणाऱ्यास त्यात किमान ३ वर्षांची कैद आहे; संघटित गुन्ह्यास ५ ते १० वर्षांची कैद व किमान १ कोटी रुपये दंड. खाजगी कंपन्यांच्या प्रमाणपत्र परीक्षा त्या कायद्याच्या कक्षेत नाहीत. तेथे बंधन असते ते उमेदवाराने स्वतः मान्य केलेल्या कराराचे. तो मोडल्यास प्रमाणपत्र रद्द होते, पुढील परीक्षांची दारे बंद होऊ शकतात. पण शिक्षेहून मोठे कारण निराळेच आहे. संगणकव्यवस्थापकास उद्या सर्वांची पत्रे, पगार, आजारपणाचे अहवाल पाहण्याची मुभा असते. तो ते पाहत नाही आणि बोलत नाही, एवढ्या भरवशावर सारी कचेरी चालते. ज्याने परीक्षेचे गुपित घराच्या उंबरठ्यावर सोडले, त्याच्यावर तो भरवसा कोणी कसा ठेवावा?

येथे एक रास्त तक्रार ऐकली पाहिजे. गुप्ततेच्या आड परीक्षकांचा मनमानीपणा लपू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली परीक्षार्थ्यास स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला, तो याच न्यायबुद्धीने. प्रश्न झाकलेले असोत, पण अभ्यासक्रम उघडा हवा; आणि चांगल्या संस्था परीक्षेची उद्दिष्टे तपशीलवार प्रसिद्ध करतात. काय शिकावयाचे हे सर्वांना सांगावे, काय विचारले हे कोणालाच सांगू नये : मर्यादा एवढीच आहे.

त्या घरातील मौन तिसऱ्या दिवशी संपले. थोरल्याने कोपऱ्यातला जुना संगणक पुसून सुरू केला, प्रसिद्ध उद्दिष्टांची यादी भिंतीवर लावली, आणि धाकट्यास पहिल्या ओळीपासून शिकवावयास बसला. आलेल्या विषयांवर चुकूनही अधिक भर पडू नये, म्हणून तो एकही ओळ गाळीत नव्हता. रोज रात्री तो यंत्रात मुद्दाम बिघाड करून ठेवी आणि सकाळी धाकट्याने तो शोधावा. वडील शेजारी खुर्ची घेऊन बसत. मी भेटावयास गेलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "पेपर नाही सांगितला त्याने, पण महिनाभर झोप मोडून शिकवतो आहे."

वाचकहो, आपल्या घरातही असा दिवस येईल. तेव्हा मुलास "काय आले होते?" असे न विचारता "तुला काय येते, ते भावंडांना शिकवशील का?" असे विचारा. त्याचे उत्तर देताना कोणासही वचन मोडावे लागत नाही.